काठचा बोरू

तिला सगळे सुतळी म्हणत. उंच, बारीक, आणि पीळ असा की सुटायचा नाही. नाव पडलं कारखान्यात. तिथून ते घरी आलं, शेजारी गेलं, दुकानदाराच्या तोंडी बसलं. तिचा नवरा तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बोरूचं उंच पाणगवत कापायचा. एका पायावर भार टाकून उभं राहायची त्याला सवय होती, म्हणून तो बगळा. त्यांच्या लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, चला, बगळ्याच्या पायाला सुतळी बांधली, आता उडायचा प्रश्न मिटला. सगळे हसले. सुतळी हसली नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. लग्न म्हणजे तेच, असंच ती धरून चालली होती.

कारखाना म्हणायचा इतकंच. तळ्याच्या बांधाला पाठ लावून उभी असलेली पत्र्याची लांब शेड. आत दोन्ही भिंतींना लाकडी चौकटी, प्रत्येक चौकटीपुढे एक बाई. बोरूच्या काड्या एकीखाली एक धरून दोऱ्यानं आवळत गेलं की खिडकीचा पडदा तयार होतो. ऊन अडतं, वारा येतो. आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. बायका काम करता करता आपापल्या अर्धवट पडद्याआडून दाराकडे बघत बसायच्या आणि कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाकडे बघितलं, याचा हिशेब त्यांच्याकडे पक्का असायचा.

बोरू कापणारा बगळा स्वतःच हातगाडीवरून भारे आणून जिच्या तिच्या चौकटीपुढे टाकायचा. खोल पाण्यातला बोरू सरळ, लांब, गुळगुळीत; तो मुरलेल्या हातांना. काठच्या चिखलातला बुटका आणि गाठाळ. तो नवशिक्यांना, म्हणजे बिघडला तरी कुणाचं काही जात नाही. सुतळीला कित्येक वर्षं खोलातलाच बोरू मिळत होता. तिच्यासारखी पडद्याची कड कुणाला जमत नाही असं मुकादम म्हणायचा, आणि मुकादम सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे.

पण तिची खरी दौलत शेडमध्ये नव्हती. ती तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलेली होती.

ती या कामावर आली तेव्हा पोरगेलीच होती. त्याच सुमाराला बगळ्याची बहीणही शिकायला आली. पुढे हीच तिची नणंद झाली, पण तेव्हा त्या दोघी नुसत्या मैत्रिणी, शेजारच्या चौकटींवर, सारख्याच अडाणी. एका सकाळी सुतळीनं भारा सोडला, काड्यांची पाती ओरबाडायला घेतली, आणि तिचा हात थांबला. एक पातं दुमडलेलं होतं. मोडलेलं नव्हे, दुमडलेलं. दोनदा घडी घालून त्याची तीन बाजूंची छोटीशी बंद डबी केली होती. कडेला कड इतकी घट्ट बसवलेली की नख शिरू नये. एका फटीतून आत पांढरं, रेशमासारखं अस्तर दिसत होतं. बोरूचा तुरा फुटतो तेव्हा त्यातून मऊ कापूस निघतो. तिला वाटलं, तोच कापूस लावलाय.

कापणारे पात्यांवर खुणा करतात हे तिला ठाऊक होतं. एक गाठ म्हणजे भारा वाळलेला, दोन गाठी म्हणजे अजून ओला. पात्यातून बोलायची रीत होतीच. फक्त असं कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. तिनं मान वर केली. दारात तो तरुण कापणारा रिकाम्या गाडीला दोर गुंडाळत उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच दोराकडे पाहिलं.

त्या हंगामात तिच्या भाऱ्यात अशी घडी पुनःपुन्हा निघाली. शेजारणीच्या भाऱ्यात एकदाही नाही. सुतळीनं एकही उघडली नाही. उघडली तर पातं फाटणार, आणि फाटलेलं पातं म्हणजे नुसता पाला. तिनं त्या सगळ्या एका डब्यात ठेवल्या. त्याच्या घरून मागणी आली तेव्हा आईनं विचारलं, मुलगा बोलत नाही म्हणतात, चालेल का तुला? ती म्हणाली, बोलतो की.

लग्नानंतर तिनं पहिला पडदा विणला तो स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी, आणि त्याच्या खालच्या कडेला त्या घड्या ओळीनं शिवून टाकल्या. हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, पिवळ्याच्या तपकिरी. बगळा रोज सकाळी त्या खिडकीखाली बसून चहा प्यायचा. घड्यांबद्दल तो कधी काही बोलला नाही. तिनंही विचारलं नाही. आपण दिलेल्या वस्तूबद्दल माणूस स्वतःच काय बोलणार?

पुढे तिला खोलातला बोरू मिळायला लागला आणि घड्या थांबल्या. तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. लग्न झाल्यावर पाती कोण दुमडत बसतं? बायका कधी आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी सांगू लागल्या, की ती आपला दोरा आवळत ऐकायची आणि मनातल्या मनात तो पडदा बघून यायची. तेवढ्यावर तिचं बरंच आयुष्य निभावलं.

मग नवी आली.

कित्येक वर्षांत शेडमध्ये नवशिकी आलीच नव्हती, म्हणून तिला दुसरं नाव पडायच्या आतच नवी हेच नाव पडलं. ती डावरी होती. सगळ्या बायका उजवीकडून दोरा आणत, ती डावीकडून. त्यामुळे ओळीत बसली की ती एकटीच आरशातल्यासारखी दिसायची. वय फार कमी नव्हतं, पण अंगात लगबग होती. नवरा लांबच्या गावी नोकरीला. काम करताना गुणगुणायची, तोंडात घास असला तरी हसायची, आणि बगळ्याला भाऊ म्हणायची.

"भाऊ म्हणणाऱ्यांकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं," सुतळी नणंदेला म्हणाली. नणंद संसाराची बरीच वर्षं दुसऱ्या गावी काढून, नवरा गेल्यावर परत येऊन पुन्हा शेजारच्या चौकटीवर बसली होती.

"मग मीही त्याला भाऊच म्हणते," नणंद म्हणाली. "माझ्याकडेही ठेव लक्ष."

तोवर ती गंमत होती. मग एका दुपारी सुतळीनं पडद्याआडून पाहिलं. नवी भारा सोलत होती, आणि तिच्या हातात एक पातं आलं. दोनदा दुमडलेलं. तीन बाजूंची डबी.

नवीनं ते पाहिलंसुद्धा नाही. बाकीच्या पाल्याबरोबर ओरबाडून मागे टाकलं, गुणगुणणं चालूच.

सुतळीच्या मनात काहीतरी आवळलं गेलं. दोरा आवळतो तसं, एक फेरा, मग दुसरा. त्यातला पहिला फेरा साधा होता: घडी तिला का? दुसरा वेगळा होता आणि जास्त रुतला: जिला मिळाली तिला तिची किंमतच नाही. आपल्याला मिळाली तेव्हा आपण श्वास रोखला होता. ही पाल्यात टाकते.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बांधावर गेल्या तेव्हा तिनं पाल्याच्या ढिगात हात घालून ती घडी शोधली. पदराच्या टोकात बांधून घरी आणली. खिडकीखाली उभं राहून तिनं ती जुन्या घड्यांच्या शेजारी धरली. दुमड तीच. कोपरा तोच. कड बसवायची पद्धत तीच. इतक्या वर्षांत हाताचं वळण जराही बदललं नव्हतं. ती घडी तिनं चुलीत टाकली आणि ती जळताना बघत उभी राहिली. रेशीम जळल्याचा वास आला, केस जळतात तसा.

संध्याकाळी ताट वाढताना ती म्हणाली, "नवीचा हात कसा आहे?"

"कसला हात?"

"कामाला."

"मुकादमाला विचार. मी पाण्यात असतो."

"सगळा वेळ पाण्यातच असता का?"

बगळ्यानं घास गिळला. "गाडी ओढताना बाहेर येतो," तो म्हणाला, आणि पुढचा घास घेतला. त्याला त्यात काही खोच दिसली नाही. सुतळीला ते उत्तर फारच सावध वाटलं.

त्यानंतर तिच्या डोळ्यांना दुसरं काम उरलं नाही. बगळ्यानं केस कापले तर का कापले? वाढले होते, तो म्हणाला. दर वेळी वाढलेलेच असतात, आजच का? त्यानं सदऱ्याचं तुटलेलं बटण स्वतः लावलं. मला का नाही सांगितलं? तू पडद्याच्या कामात होतीस, तो म्हणाला. तो गुडघा धरून जिना उतरायला लागला होता, पण शेडच्या दारातून आत येताना लंगडत नव्हता, असं तिला दिसलं. एका सकाळी नवीपुढे भारा टाकताना तो काहीतरी बोलला आणि नवी तोंडावर हात ठेवून हसली. बगळा, आणि हसवणारं बोलला. घरात तो मीठ कमी आहे हेसुद्धा हातानं सांगतो.

घड्या मात्र निघतच राहिल्या. नवीच्या भाऱ्यात, जवळजवळ रोज. आणि रोज त्या पाल्यात.

"वहिनी, तुझा पडदा तिरका चाललाय," नणंद म्हणाली. "डोळे कुठे असतात तुझे?"

"जागेवर आहेत."

"जागेवर आहेत, पण दुसरीच्या."

सुतळीनं ओळ उसवली. इतक्या वर्षांत तिनं ओळ उसवलेली कुणी पाहिली नव्हती. मुकादम येऊन उभा राहिला, काही न बोलता पाहत राहिला आणि निघून गेला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. तिला कळत होतं की आपल्या हातातून दोन गोष्टी सुटत चालल्यात, आणि त्यातली एकच तिला महत्त्वाची वाटत होती.

रात्री तो शेजारी झोपलेला असायचा, गुडघ्याला तेल लावून, तोंड किंचित उघडं. ती त्याच्याकडे बघून विचार करायची की विचारावं. पण विचारलं आणि तो हो म्हणाला तर? आणि त्याहून वाईट, काहीच न म्हणता खिडकीकडे बघितलं तर? तो पडदा गेला तर तिच्याजवळ या माणसाचं काय होतं? कापून ठेवलेली नखं, गुडघ्याचं तेल, आणि एक सवय.

त्याच दिवसांत एका मोठ्या इस्पितळाचं काम आलं. सगळ्या खिडक्यांना पडदे हवे होते, आणि लवकर हवे होते. एरवी बोरू बांधावर उभा करून चांगला वाळवत, तेव्हा तो आत येई. या वेळी मुकादम म्हणाला, वाळायला वेळ नाही, अर्धा ओलाच विणा, टांगल्यावर वाळेल. दोन गाठींचे भारे यायला लागले. शेडमध्ये चिखलाचा, पाण्याचा वास भरला. काड्या हातात थंड लागायच्या.

त्या सकाळी नवीनं भारा सोडला आणि प्यायला पाणी आणायला बाहेर गेली. भाऱ्याच्या वरच घडी होती. हिरवीगार, ताजी. काल दुमडल्यासारखी.

दुसरीच्या भाऱ्याला हात लावायचा नाही, हा त्या शेडमधला नियम. भाऱ्यात कोण काय विसरलेलं असेल, कुणी कुणासाठी काय ठेवलेलं असेल, सांगता येत नाही. म्हणून भांडणं टाळायला तो बायकांनीच पाळलेला. सुतळी उठली. मधली वाट ओलांडून नवीच्या चौकटीपाशी गेली. दोन्हीकडचे हात थांबले.

नवी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली तेव्हा सुतळीच्या हातात ते पातं होतं.

"काय ताई?" नवी म्हणाली.

"बघते, काय ठेवतो यात तुझ्यासाठी."

"कोण?"

"बगळा."

सुतळीनं घडीच्या कडेखाली नख घातलं. आयुष्यात पहिल्यांदा. पातं सहज सुटलं नाही, आतून शिवल्यासारखं होतं. तिनं ओढलं. पांढरं अस्तर ताणलं, तटकन फाटलं, आणि आत कुणीतरी होतं.

फिकट, मऊ, ओल्या धाग्याच्या रंगाचं. पुढे धरलेले पाय काळपट टोकांचे. त्याच्या पोटाखाली मोहरीपेक्षा बारीक अंड्यांचा पुंजका, रेशमात गुंडाळलेला. ते पळालं नाही. फाटक्या अस्तरावर पाय रोवून ते त्या पुंजक्यावर उभं राहिलं आणि दुसऱ्या क्षणी त्यानं सुतळीच्या बोटाला चावा घेतला.

तिनं पातं सोडलं नाही. का ते तिलाही सांगता आलं नसतं. नणंद मात्र बाकावर चढली.

"टाक आधी ते, वहिनी. माझ्याकडे आणू नकोस."

नवीनं तांब्या खाली ठेवला. सुतळीच्या हातातून पातं अलगद घेतलं आणि त्याची घडी जमेल तशी पुन्हा बंद केली. "कोळ्याची मादी आहे, ताई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं. "पाण्याजवळच राहते. ही जाळं विणत नाही. पातं दुमडून घर करते, आत अंडी घालते आणि दार लावून बसते. पिल्लं निघेपर्यंत खात नाही की पीत नाही. आमच्या माहेरी तळं आहे, तिथं ढिगानं. काठच्या बोरूत प्रत्येक भाऱ्यात एखादी असतेच. वाळलेल्यात मेलेली असते किंवा निघून गेलेली." मग सुतळीचं मघाचं बोलणं पुन्हा ऐकू आल्यासारखी ती थांबली. "मला कोण कशाला पाठवेल? भाऊ तर म्हणत होते, तुमची ताई मला काही हसू देत नाही, तुम्ही तरी हसा."

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी. मग शेडच्या टोकापर्यंत हसू गेलं. सुतळी तिथेच उभी होती, बोट धरून. तिला नवीचं ऐकू येत होतं, पण ती नणंदेकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"मला माहीत नसायला काय झालं?" नणंद अजून बाकावरच. "आपण दोघी शिकत होतो ना, तेव्हा पहिल्याच भाऱ्यात माझ्या हातावर एक चढलं होतं. मी भाऊला घरी सांगितलं, असला भारा पुन्हा माझ्यापुढे टाकलास तर आईला सांगेन. तिच्यापुढे टाक म्हटलं, ती भीत नाही."

"तिच्या म्हणजे?"

"तुझ्याच की. आणि तू खरंच भीत नव्हतीस. वर पडद्याला शिवलेस. म्हणून तर मी तुझ्या स्वयंपाकघरात बसत नाही. मला वाटलं, तुला आवडतात."

इतकी वर्षं नणंद आली की बाहेरच्या खोलीतच बसायची. सुतळीनं त्याला ताठा म्हटलं होतं. ती आपल्या चौकटीकडे गेली नाही. चपला घातल्या आणि घरी गेली.

दुपारपर्यंत बोट टम्म सुजलं. तिनं ओलं फडकं गुंडाळलं, पडदा काढून जमिनीवर पसरला आणि कात्री घेऊन बसली. उजव्या हाताच्या बोटामुळे कात्री नीट धरता येत नव्हती. जे टाके मुलीच्या हातांनी घातले होते ते या हातांना तुटत नव्हते. तिनं एक घडी दाबून पाहिली. वाळून कडक झालेली. आत काहीतरी कागदासारखं चुरलं.

ती विचार करत होती तो असा: नवीचा राग यायचं आता कारण नाही. राग गेला, तर बरोबर पडदाही गेला. नवीला काही मिळालं नव्हतं, म्हणजे मलाही काही मिळालं नव्हतं. एकीला भीती वाटत होती म्हणून भारा दुसरीपुढे पडला, आणि त्या दुसरीनं त्यावर घर बांधलं. कोळ्याच्या मादीनं निदान अंडी तरी घातली होती. सुतळीला मूल नव्हतं. हे तिच्या मनात आलं आणि तिला त्या फिकट, खिळून उभ्या राहिलेल्या जिवाचाही हेवा वाटला. त्या मादीला आपण कुणासाठी दुमडतो आहोत हे माहीत असतं.

बगळा संध्याकाळी आला. त्याला सगळं कळलं होतं. शेडमधून घरापर्यंतच्या वाटेवर तीन जणांनी सांगितलं असणार. त्यानं जमिनीवरचा पडदा पाहिला, ओलांडला आणि नेहमीच्या जागी बसला. खिडकी उघडी होती. उघड्या खिडकीत तो वेगळाच दिसत होता, म्हातारा.

"बोट दाखव."

"राहू दे. तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"की हे कोळ्यांचं आहे."

"जन्म गेला बोरूत. मला माहीत नसणार?"

"मग सांगितलं का नाही?"

"तू शिवत होतीस." त्यानं गुडघा चोळला. "गुणगुणत होतीस. मध्येच काय सांगायचं?"

"नंतर सांगायचं होतं."

"नंतर ते टांगलेलं होतं."

ती कात्री खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "बहिणीनं सांगितलं म्हणून माझ्यापुढे टाकलेत ते भारे. तेवढंच ना?"

"तेवढंच," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. तिला हेच ऐकायचं होतं आणि हेच नको होतं. ती पुन्हा टाके कापायला वाकली.

"आधी तेवढंच," बगळा म्हणाला. "मग बहीण लग्न होऊन गेली. मुकादम म्हणाला, हिचा हात बसला, हिला आता खोलातला बोरू दे. मी दिला नाही."

"म्हणजे?"

"तो सबंध हिवाळा तुला काठचाच देत राहिलो. मुकादम म्हणायचा, खोलात उतरायचा आळस आलाय तुला. म्हटलं, आलाय."

सुतळीला तो हिवाळा आठवला. चांगला आठवला. मुकादमाची भाची तिच्यानंतर येऊनही खोलातल्या बोरूवर बसली होती. तिचे पडदे मोठमोठ्या घरांत गेले आणि सुतळी बुटक्या, गाठाळ काड्यांशी झुंजत राहिली. तिची बोटं रक्ताळायची. शेडबाहेरच्या पंपाच्या मागे जाऊन ती रडली होती. आपला हात वाईट आहे म्हणून आपल्याला बढती नाही, की ती भाची आहे म्हणून तिला आहे, या विचारानं तिनं तो हिवाळा जाळून काढला होता. एखाद्या बाईचा इतका द्वेष तिनं नवी येईपर्यंत पुन्हा केला नव्हता.

"तो हिवाळा तुम्ही केलात?"

"केला."

"का?"

बगळ्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, शेजारची भिंत होती. "भारा सोडलास की तू आधी हात आत घालायचीस. काड्या नाही बघायचीस. मिळालं की इकडे तिकडे बघायचीस, कुणी बघत नाही ना." तो पुन्हा तिच्याकडे वळला. "मी बघत असायचो. खोलातल्या बोरूत ते नसतं."

"मी त्या भाचीला शाप दिले."

"तिला काही झालं नाही. मागे बाजारात भेटली होती, चांगली जाड झालीय."

सुतळीच्या तोंडातून आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कशाचा, हे बगळ्याला ओळखता आलं नाही. तो उठला, तिच्या बोटाचं फडकं सोडून पुन्हा ओलं करून बांधलं. बांधताना त्यानं सवयीनं बोरूच्या भाऱ्याची गाठ मारली. एक नव्हे, दोन. ओला. तिनं ती पाहिली. त्याच्यावर हात उगारावा की त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं, हे तिचं तिला ठरवता येईना. शेवटी तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. भात लावला.

सकाळी ती उठली तेव्हा पडदा खिडकीला होता. त्यानं टांगला होता, आणि उलटा. घड्या वर, छताकडे. कापणाऱ्याला पडद्याची वरची बाजू कोणती हे कुठून कळणार? तिनं पाहिलं आणि तसाच राहू दिला.

सूज उतरल्यावर ती कामावर गेली. तिच्या येण्यानं शेडमध्ये शांतता झाली, मग सगळ्या एकदम दोऱ्याबद्दल बोलू लागल्या. ती सरळ मुकादमाकडे गेली.

"मला काठचा बोरू द्या."

मुकादमानं चष्मा वर केला. "हात गेला की काय तुमचा?"

"हात आहे. नवीचा बसलाय. तिला खोलातला द्या."

ही बातमी शेडभर फिरली. सुतळीनं माफी मागितली, असं सगळ्यांना वाटलं. नवीला तर खात्रीच होती. तिनं येऊन सुतळीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ताई, एवढं कशाला?" नणंद पाठीमागून म्हणाली, "घे ग, घे. वहिनीनं काही दिलं असं रोज घडत नाही." माफी सुतळीच्या मनात नव्हती असं नाही. पण ती नंतरची होती. आधीची गोष्ट वेगळी होती. काठचा बोरू नवीच्या पुढे पडतो आणि त्यातलं काहीतरी रोज पाल्यात जातं, हे तिला बघवत नव्हतं. कोळ्याचं असलं तरी.

दुसऱ्या दिवशी बगळ्याची गाडी आली. तिच्यापुढे त्यानं बुटक्या काड्यांचा भारा टाकला. चिखलाचा वास आला. तिनं दोर सोडला आणि काड्यांकडे न बघता हात आत घातला. पाण्याच्या थंडाव्यात बोटं फिरली आणि थांबली. तीन बाजू. घट्ट कडा. तिनं ती काडी तेवढी बाजूला काढली. सुट्टीत बांधाखाली जाऊन चिखलात रोवून येणार होती. मग तिनं इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना.

बगळा दारात उभा होता. दोर गुंडाळत.

त्याच्याकडे तिनं क्षणभरच पाहिलं. मग तिची नजर आपल्या पडद्याच्या काड्यांमधून वाटेच्या पलीकडे गेली, आणि गाडीतला शेवटचा भारा उचलायला तो वळला तशी त्याच्या मागे फिरत राहिली. तो खोलातला भारा होता, लांब, सरळ. त्यानं तो नवीच्या चौकटीपुढे ठेवला. टाकला नाही, ठेवला. जरा जास्तच हळू ठेवला, असं सुतळीला वाटलं.

खोलातला बोरू आपटला की चिरतो, तो हळूच ठेवावा लागतो. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? इतकी वर्षं तो तिच्यापुढे तसाच ठेवला जात होता.